सँडविचमधला टी

सहाला समाजमंदिराचं कुलूप निघतं,
कालव्यावरचा वास खिडकीशी येऊन थांबतो
आणि जनता वसाहतीच्या पायऱ्या उतरून
चौदा चपला दाराशी पडतात
उलट्यासुलट्या, स्पेलिंग चुकल्यासारख्या.

दिवसभर मी लॅबच्या काउंटरवर
रक्ता-लघवीच्या पावत्या फाडते.
इथे फळ्यावर लिहिते : के, एन, आय, एफ, ई.
वाचा.
‘कनाइफ,’ म्हणतो इलियास.
कुणी हसत नाही.
तो या खोलीचा पहिला नियम,
व्याकरणाच्याही आधीचा.
भोरहून अकरावीला इथे आले त्या वर्षी
साठ जणांच्या वर्गात
मी हाच शब्द असाच वाचला होता.
तो हशा अजून कानामागे
खडूच्या भुकटीसारखा बसून आहे.

के आहे, पण बोलत नाही, मी सांगते.
‘मग ठेवलाय कशाला?’ यशोधरा विचारते.
घरात एखादा मामा असतो ना,
पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारा,
त्याचंही ताट मांडावंच लागतं.
हे कुठल्या पुस्तकात नाही.
मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

आपली मराठी बरी, एकदा बोलून गेले,
लिहितो तसं वाचतो.
सुमेधनं मान खाली घालूनच विचारलं,
‘मग चमच्यातला पहिला च
आणि चहातला च
वेगवेगळे का, मॅडम?’
सत्तेचाळीस वर्षं चहात चमचा ढवळते आहे.
कधी ऐकलं नव्हतं.

मग एस.
आय गो, वुई गो, दे गो,
ही किंवा शी आली की गोज.
‘एकट्यालाच का?’
एकटा आहे म्हणून. सोबतीला दिलाय.
गंगोत्रीच्या वहीत दहा ओळी :
माय मदर गोज टू वर्क,
माय मदर गोज टू वर्क.
आई पहाटे पाचला कोथरूडला
पोळ्या लाटायला निघते.
दहातल्या एकाही ओळीत एस सुटलेला नाही.

शनिवारी गृहपाठ दिला : गल्लीतल्या पाट्या.
चूक दिसली की वहीत उतरवायची.
खडू लावायचा नाही,
दुकानदाराला शिकवायला जायचं नाही.
सोमवारी तेवीस चुका आल्या.
झेरॉक्सच्या तोंडाशी झेड,
चायनीजमध्ये नको तिथे ए,
पंक्चरवाल्याचा सीच गळालेला, हवेसारखा,
आणि एका फाटकावर
‘नो पार्किंग’मध्ये पी दोनदा.
रागानं पडला असेल, असं इलियासचं मत.

सगळ्यांत लांब यादी यशोधराची.
तिच्यात दांडेकर पुलाजवळची
तिच्या बाबांची गाडी नव्हती.
मी ती रोज बघते.
एस, ए, एन, डी, डब्ल्यू, आय, टी, सी, एच,
लाल अक्षरं, चटणीच्या रंगाची सावली.
मी यादीखाली सही केली,
‘छान’ लिहिलं, पुढची वही घेतली.

आठवड्यानं गाडीपाशी थांबले
तर टीवर पांढरा रंग.
बाबा काकडी कापत होते.
‘पोरगी म्हणाली, एक जास्तीचं आहे.
रात्री स्टुलावर चढून तिनंच फासलं.
पेंटरनं अक्षरावर पैसे घेतले होते हो, मॅडम.
नवांचे दिले, एकाचे बुडाले.’

मी त्यांच्या हातातल्या सुरीकडे बघत राहिले.
बल्बच्या उजेडात
पांढऱ्याखालून टी दिसतच होता.
आहे, पण बोलत नाही.
काहीतरी म्हणायला हवं होतं मला,
यशोधराबद्दल, अक्षराबद्दल,
निदान बुडालेल्या पैशांबद्दल.

‘टोस्ट,’ त्यांनी विचारलं, ‘की साधं?’